नानाच्या गळ्यातला दोरा

या सदरातले अनुभव मी नेहमी शेवटाकडून वाचतो. शेवटी 'नंतर कळलं, ती मांजर होती' असं काही सापडलं की समाधान वाटतं. नाही सापडलं, तर लिहिणाऱ्याने नीट चौकशी केली नसणार असं म्हणून पान उलटतो. माझी सगळी नोकरी जळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. भुताखेतांची पुस्तकं तिथे 'मनोरंजन' लिहिलेल्या कपाटात असायची, आणि ती चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलोय याने मला जरा ओशाळल्यासारखं होतंय...

पण गेल्या महिन्यात नाना गेला. माझा थोरला भाऊ. त्र्याऐंशी वर्षांचा होऊन, झोपेत गेला — कॅन्सरने नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तो होता तोवर मला हे लिहिता येत नव्हतं. यात माझी एक चूक आहे, आणि ती मी त्याला कधी सांगितली नव्हती. रोज अर्धं पान असं हळूहळू लिहितोय. तरी त्या दुपारपाशी आलो की हाताला घाई होते. इतकी वर्षं झाली, तरी.

आमचं गाव धुळे तालुक्यात. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना एका फाट्यावर उतरायचं आणि वीस मिनिटं चालायचं. नानाची बायको — म्हणजे माझी वहिनी — लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. आमची थोरली बहीण अक्का, तीही विधवा, नानाचं घर सांभाळायची. शिकून गावाबाहेर पडलो तो मी एकटा. घरात माझं नाव बापू.

नाना मोसंबी-लिंबाची कलमं करायचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या मोसंबीच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीच्या चकतीसकट अलगद काढायचा, तो त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला 'डोळा भरणं' म्हणतात. डोळा हिरवा राहिला तर लागला. काळा पडला तर गेला. काढलेला डोळा सुकू नये म्हणून नाना तो ओठांत धरायचा. उजवीकडे ओठांत डोळा आणि डाव्या गालात तंबाखू-चुना. मी त्याला दुसऱ्या कुठल्या रूपात आठवूच शकत नाही.

त्याच डाव्या गालात जखम झाली. आठ महिने त्याने ती कोणाला दाखवली नाही.

१९९१चा हिवाळा. जळगावच्या हॉस्पिटलात बाहेरगावाहून एक सर्जन येत. तरुण होते, पण हात असे की सिस्टर लोक त्यांच्या टाक्यांबद्दल जेवताना बोलायच्या. त्यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं. गाल आतून काढावा लागेल, जबड्याचा तुकडा काढावा लागेल, गळ्यातल्या गाठी काढाव्या लागतील. मग तिथे जे भोक पडेल ते बुजवायला छातीचा स्नायू, वरच्या कातडीसह, त्याची रक्तवाहिनी न तोडता वर फिरवायचा. हासळीच्या हाडावरून, गळ्याच्या कातडीखालून नेऊन गालात शिवायचा. याला ते 'फ्लॅप' म्हणत.

मी ऐकूनच खुर्चीत बसलो. नाना मात्र पुढे सरकला.

"म्हंजे डाक्टरसाहेब, तुम्ही बी डोळाच भरतस म्हना ना!"

"कसला डोळा?"

मग नानाने त्यांना दहा मिनिटं डोळा भरणं समजावलं. खिशातून कलमाचा चाकू काढून दाखवला. हाडाच्या मुठीचा, पातळ पात्याचा तो चाकू तो कोणाला हात लावू देत नसे. डॉक्टरांनी तो हातात घेऊन अंगठ्यावर धार पाहिली, आणि नाना काही बोलला नाही याचं मला नवल वाटलं.

"तुमचे सगळे डोळे लागतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बठ्ठा कोना लागतस, साहेब? दोरी घट्ट झायी का डोळा काया पडस. तुम्हना?"

"माझेही सगळे नाही लागत."

"मंग बरोबरीना शेतस आपण," नाना म्हणाला, आणि दोघंही हसले. मला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं की फ्लॅप जगला तर नाना जेवेल, बोलेल, कामाला लागेल. तो मेला, तर गळ्यातली मोठी रक्तवाहिनी उघडी पडण्याची भीती असते. "मग मी काही शब्द देऊ शकणार नाही, मास्तर." हातात पुस्तक असलं की आपल्याकडे सगळ्यांनाच मास्तर म्हणतात.

ऑपरेशनच्या आधी नाना चार दिवस गावी जाऊन आला. का, तर जायच्या आधी अंगणातल्या जंबेरीच्या एका रोपाला भरलेला डोळा त्याला पाहायचा होता. एकवीस दिवसांनी पट्टी सोडायची, असं त्याने अक्काला दहादा बजावलं. मी त्याला न्यायला गेलो. फाट्यावर एस्टीची वाट पाहत असताना अक्काने मला बाजूला घेतलं आणि मुठीत एक काळा दोरा कोंबला. स्वतः पिळलेला, सात गाठींचा; त्याचा दुसरा अर्धा तिने देवाजवळ ठेवून त्या रोपाला बांधलाही होता.

"बापू, एकच दोरा व्हता. देवजोडे ठेईसन मंग दोन तुकडा करा. अर्धा नानाना रोपले बांधा, अर्धा हाऊ नानाले. दोन्ही जगाले पाहिजेत."

"अक्का, हॉस्पिटलमध्ये असलं चालत नाही."

"चालत नही तर लपाडी दे. एवढं वाचता येस तुले, मंग लपाडता बी येईन."

तिचे नियम होते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी, अंघोळ करून, कोणाशी न बोलता बांधायचा. मी दोरा वहीत ठेवला आणि 'हो' म्हणालो. अक्कासमोर 'नाही' म्हणणं आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही.

ऑपरेशन गुरुवारी झालं. सकाळी आठला आत गेलेला नाना संध्याकाळी बाहेर आला, तेव्हा तो मला ओळखू आला नाही. गळ्याला श्वासाची नळी, नाकात नळी, छातीवर पट्ट्या, हासळीवर एक उंचवटा — त्याखालून तो स्नायू वर गेला होता. बोलणं शक्य नव्हतं.

डॉक्टरांनी मला समोर उभं केलं. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. वही करा. दर तासाला सिस्टर बॅटरीने फ्लॅप बघतील, तुम्ही लिहायचं. रंग. ऊब. आणि बोळ्याने दाबलं की पांढरा होतो, सोडल्यावर गुलाबी किती वेळात होतो ते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. याचा हात नळीकडे जाऊ द्यायचा नाही. आणि गळ्याभोवती काही म्हणजे काही नको. नळीसुद्धा मी फीत न बांधता टाक्यांनी बसवलीय. फ्लॅपमध्ये रक्त जोराने येतं, पण परत जाणाऱ्या शिरा मऊ असतात. जरा दाब पडला की आधी त्या मिटतात."

हे सगळं मी वहीत लिहिलं. 'गळ्याभोवती काही नको' याच्याखाली रेघ मारली. ती वही आता माझ्यासमोर आहे आणि रेघ अजून ठळक आहे.

आणि शनिवारी सकाळी साडेनऊला, अंघोळ करून, कोणाशी न बोलता, मी तो दोरा नानाच्या गळ्यात बांधला.

का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तरही झिजलंय. मला वाटतं, दोरा म्हणजे 'काही' आहे असं मला वाटलंच नाही. विश्वास असता तर मी तो जपून बांधला असता, सिस्टरला विचारलं असतं, भ्यालो असतो. मी तो पत्र पेटीत टाकावं तसा टाकला. अक्काचं काम झालं. सिस्टरला दिसू नये म्हणून पुढचा भाग गॉझच्या कडेखाली सरकवला. बांधला तेव्हा सैल होता — बोट जात होतं. पण तिसऱ्या दिवशी सूज वाढते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

अकराच्या नोंदीत पहिल्यांदा 'किंचित निळसर?' असं आहे. प्रश्नचिन्ह माझं.

बाराला प्रश्नचिन्ह नाही.

सिस्टर भुसावळच्या होत्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, त्यामुळे घाईत हिंदीवर जायच्या. "अरे भाऊ, टॉर्च पकडा ना नीट! ये देखो — दाबलं, सोडलं... लगेच निळा येतोय परत. रुको मत, सरांना निरोप पाठवते."

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. साडेबाराला मध्येच पाच मिनिटं बाहेर आले, गाऊनवरच. फ्लॅपला सुई टोचली. रक्त आलं ते काळपट, आणि भराभर आलं. गॉझची एक कड उचलून टाके पाहिले. "रक्त साचलेलं नाही," ते म्हणाले. दोरा दुसऱ्या कडेखाली होता. "गळ्यात कुठेतरी शीर दबतेय. ही केस अर्धवट टाकून येता येणार नाही मला. चार वाजेपर्यंत याला आत घेतो, गळा उघडून बघतो. तोवर दर पंधरा मिनिटांनी बघा." जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "चारपर्यंत टिकायला पाहिजे."

गळ्यात कुठेतरी शीर दबतेय, हे शब्द मी जसेच्या तसे वहीत लिहिले. आणि तरी मला दोरा आठवला नाही. वाचकहो, या हकिकतीतल्या बाकी सगळ्यावर तुम्ही कदाचित विश्वास ठेवाल... यावर ठेवणार नाही. मीही ठेवला नसता.

एक वाजला. सव्वा. दीड. पंधरा-पंधरा मिनिटांच्या त्या ओळी वहीत एकाखाली एक आहेत. 'निळा.' 'निळा, कडेला जांभळा.' 'जांभळा, सूज.' अडीचला सिस्टरने बॅटरी बंद केली आणि त्या टेबलाकडे गेल्या. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. अंगणात नातेवाईक स्टोव्हवर चहा करत होते, कोणी धुतलेलं पातळ वाळत घालत होतं. एवढ्या उजेडात आपला भाऊ आतून काळा पडतोय आणि आपण फक्त रंगाचं नाव लिहितोय, असं वाटत होतं.

तीनच्या नोंदीत 'गडद जांभळा' आहे.

त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगतो. वॉर्डच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि माझं लक्ष सारखं त्याच्याकडे होतं, त्यामुळे वेळेबद्दल मला शंका नाही. सिस्टर दाराजवळच्या टेबलावर कागद भरत होत्या. नाना डोळे मिटून पडला होता, दोन्ही हात चादरीवर. मी स्टुलावर, मांडीवर वही. तीन वाजून दहा मिनिटांनी मला वास आला.

मोसंबीचा. फळाचा नाही — सालीचा. हिरवी काडी चाकूने छिलली की येतो तो, कडवट, ओला, नाकाला झोंबणारा. लहानपणापासून नानाच्या अंगाला येणारा वास. वॉर्डमध्ये फिनेलशिवाय कशाचाच वास यायला जागा नव्हती. मी उठून खाटेखाली पाहिलं, शेजारच्या पेशंटच्या कपाटावर पाहिलं. त्याच्याकडे केळी होती. मोसंबी कोणाकडेच नव्हती.

"सिस्टर, तुम्हाला वास येतोय?"

"हां... लिंबू कापला कोणी?" त्या टेबलावरूनच म्हणाल्या. हे मी ठासून लिहितो. वास त्यांनाही आला.

मी बॅटरी उचलली. सव्वातीनला अजून तीन मिनिटं होती, पण थांबवेना. नानाने तोंड जरा उघडलं. मी उजेड आत टाकला आणि...

कडेला, पुढच्या टाक्याजवळ, एक नखाएवढी जागा गुलाबी होती.

मी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. बोळ्याने दाबलं. पांढरं झालं. सोडलं. एक... दोन... आणि गुलाबी! निळा नाही. गुलाबी!

"सिस्टर!"

मी आयुष्यात ग्रंथालयात कधी मोठ्याने बोललो नाही. त्या दिवशी वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसतील असा ओरडलो. सिस्टर धावत आल्या, माझ्या हातातून बॅटरी हिसकावली, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. "अरे वा... अरे वा रे बाबा... ये तो आ रहा है! लिहा, लिहा ना भाऊ, उभे काय राहिलात!" माझं त्या पानावरचं अक्षर मला वाचता येत नाही इतकं वेडंवाकडं आहे. ३.१५ — 'पुढची कड गुलाबी.' ३.२० — 'अर्धा.' ३.३० — 'मधला भाग सोडून सगळा.' शेजारच्या खाटेवरचा केळीवाला चाचा उठून आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. त्याला काय बघायचं ते कळत नव्हतं, तरी दर वेळी "माशाअल्ला" म्हणत होता. अंगणातलं ऊन, पांढरी भिंत, सिस्टरची टोपी, सगळं मला लख्ख दिसत होतं. एखादा रंग उगवताना तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. बॅटरीच्या उजेडात, माझ्या भावाच्या तोंडात.

पावणेचारला डॉक्टर आले, आत घ्यायच्या तयारीने. फ्लॅप पाहिला, सुई टोचली. लाल थेंब आला, हळू. मग गळा बघायला त्यांनी सगळं गॉझ उचललं, आणि तो दोरा घसरून चादरीवर पडला.

तेव्हा मला आठवलं. एकदम, सगळं.

नानाच्या गळ्यावर दोऱ्याची बारीक निळी रेघ उमटली होती. बरोबर हासळीच्या वर, उंचवट्यावरून आडवी.

"हे कोणी बांधलं?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"मी."

"बांधलंत ती घोडचूक. वेळेत कापलंत म्हणून वाचला."

"मी कापला नाही."

"सिस्टर?"

"सर, मला माहीतच नव्हता!"

त्यांनी दोरा उचलला. मी मागे मारलेली गाठ तशीच होती. दोरा पुढच्या बाजूला कापला गेला होता. ताणून तुटला असता तर पीळ सुटून धागे विस्कटले असते. हा एका घावात, तिरपा, साफ कापलेला होता. डॉक्टरांनी टोक खिडकीकडे धरलं. "आणि हे हिरवं काय आहे?" त्यांनी ते नाकाजवळ नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. आपल्या कलमांबद्दल नानाने त्यांना दहा मिनिटं सांगितलं होतं.

शेवटी ते म्हणाले, "वहीत नोंद करा. दोरा निघाला, अंदाजे तीन दहा. कसा निघाला, ते लिहू नका."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अक्का जळगावला आली. तिला कोणी काही कळवलं नव्हतं. गावात फोन नव्हता. पायरीवर पिशवी ठेवायच्या आधी तिने दोरा कुठे आहे ते विचारलं —

"नानाना गळामातला दोरा कथा शे? तू काढा ना तो?"

मी म्हटलं, "आधी तू सांग. काय झालं?"

ती सांगू लागली. शनिवारी दुपारी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. "मांगून नाना बोलना — अक्का, दोरा काढ, डोळा गुदमरी राहिना. माले वाटनं नाना घर उना. मांगे दखं, कोनीच नही." मग ती रोपाकडे गेली. तिने बांधलेला काळा दोरा सालीत रुतला होता आणि डोळा काळसर दिसत होता. नानाच्या चाकूला तिने जन्मात हात लावला नव्हता. नाना जाताना तो फळीवर ठेवून गेला होता; त्या दिवशी तिने तो काढला आणि दोरा कापला. वेळ? तीनची एस्टी फाट्यावर हॉर्न वाजवून गेली, त्यानंतर ती उठली होती.

तिने आपला दोरा पदराच्या गाठीतून काढला. मी माझा वहीतून काढला. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही एकाच बाजूने तिरपे कापलेले. दोन्हींच्या टोकांना हिरवं.

अक्काने दोन्ही टोकं बोटाने चाचपली. "मना दोराले हिरवं लागनं ते झाडनं शे," ती म्हणाली. "याले कसाले?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळी चौकशी केली. वॉर्डातल्या कात्र्या मागून घेऊन तसाच दोरा कापून पाहिला. बोथट होत्या, धागे विस्कटले. सफाई करणाऱ्या मावशींना, चाचाला, सगळ्यांना विचारलं. सिस्टरना इतक्यांदा विचारलं की त्या चिडल्या. "भाऊ, मी कापला असता तर पेढे मागितले असते तुमच्याकडे!" धुळ्याच्या स्टँडवर जाऊन त्या एस्टीची वेळही विचारली. कंट्रोलर म्हणाला, गाडी फाट्यावर पाच-सात मिनिटं उशिराच जाते, रोज. हिरवं आधीचंच असेल, दोरा दोन तुकडे करताना लागलं असेल, असंही वाटलं. पण ती टोकं मागे गाठीत होती, कोरडी, काळी. आणि वासाचं काय करायचं, ते मला आजही समजलेलं नाही.

फ्लॅप लागला. पूर्ण. तो डोळाही लागला.

नाना महिन्याने घरी गेला. बोलणं जरा गुळमुळीत झालं, पण आम्हाला कळायचं. तंबाखू सुटली. डॉक्टरांनी आधी न सांगितलेली एक गोष्ट घडली. छातीची कातडी गालात गेली होती, तिथे केस उगवू लागले! नाना आल्यागेल्याला तोंड उघडून दाखवायचा. "दखा, बठ्ठासन्या मिशा बाहेर, मनी एक मधमा!" दोन-तीन महिन्यांनी तो डॉक्टरांकडे जाऊन ते कापून घ्यायचा आणि येताना त्यांच्यासाठी पिशवीभर लिंबं न्यायचा. पुढच्या हिवाळ्यात मी गावी गेलो तेव्हा तो रोपांच्या ओळीत उकिडवा बसला होता. ओठांत, उजव्या बाजूला, हिरवा डोळा. मी बांधावरच थांबलो. पुढे गेलो असतो तर रडलो असतो.

दोरा मी बांधला होता, हे त्याला कधीच सांगितलं नाही. अक्कानेही सांगितलं नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नानाला गुंगी होती, त्याला काही माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या महिन्यात, जायच्या आठवडाभर आधी, मी त्याला पेज भरवत होतो. तो मध्येच थांबला.

"बापू, तो दोरा तूच बांधेल व्हता ना रे?"

मी चमचा वाटीत ठेवला. होकाराची मान हलवली.

"तुला कोणी सांगितलं, नाना?"

तो हसला. त्याच्या डाव्या गालात ते हसू नेहमी जरा उशिरा पोचायचं. "सांगाले कसाले पाहिजे? मीच ते हाक मारी. पहिले तुले मारी. तू लिखी राहिंता." मग जरा थांबून, काही विशेष नसल्यासारखं म्हणाला, "मंग अक्काले मारी."

आणि त्याने पेजेसाठी तोंड उघडलं.

तो गेल्यावर तेराव्याला मी वही काढली. शनिवारचं पान. इतक्या वर्षांत मी ते शंभरदा वाचलं असेल, पण नेहमी तीनपासून पुढे. गुलाबी जिथे सुरू होतो तिथून. या वेळी वरून वाचलं. पावणेतीनच्या ओळीत, रंगाच्या रकान्याच्या बाहेर, माझ्याच नीट अक्षरात लिहिलंय —

'रुग्ण अस्वस्थ. डावा हात तीनदा गळ्याकडे. धरून खाली ठेवला.'

डोळा भरणाऱ्या माणसाला गळ्याला काय रुततंय हे कळलं असणार, आणि तो मला दाखवत होता. एवढं मला समजतं. माझ्यापासून वीतभर अंतरावर ती हाक होती, आणि मी तिची नोंद केली. पुढे पंचवीस मिनिटांनी, एस्टीने अडीच तासांच्या अंतरावर, ती अक्काला कशी ऐकू गेली, आणि गावात जंबेरीच्या रोपावर चाललेल्या चाकूने जळगावातला दोरा कसा कापला गेला... हे मला समजत नाही. शेवटाकडून वाचणाऱ्यांना सांगतो, इथे मांजर नाही. मी शोधून पाहिलंय.

दोन्ही दोरे वहीत त्याच पानावर आहेत. टोकांचं हिरवं आता तपकिरी झालंय. काल नाकाजवळ नेऊन पाहिलं. वास उरलेला नाही.

आता मी नानाच्या अंगणात बसतो तेव्हा वही आणत नाही. कोणी हाक मारली, तर मी लिहीत असायला नको.